जावातलं सॉकेट प्रोग्रॅमिंग: निरोप अर्धवट का पोचतो?

प्रश्न थोडक्यात असा: इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षातल्या एका गटाने जावामध्ये ऑब्जेक्ट-ओरिएंटेड पद्धतीने (म्हणजे काम स्वतंत्र घटकांत, ऑब्जेक्टमध्ये, विभागून) गप्पा मारायचा प्रोग्रॅम लिहिलाय. एक सर्व्हर, एक क्लायंट. दोन्ही एकाच लॅपटॉपवर चालवले की सगळं सुरळीत. तेच दोन लॅपटॉपवर वायफायने जोडले की मोठा निरोप अर्धाच येतो, पाठोपाठ धाडलेले दोन छोटे निरोप एकमेकांना चिकटून येतात, मराठीत लिहिलं तर मध्येच एखाद्या अक्षराच्या जागी काळ्या चौकटीतलं प्रश्नचिन्ह उमटतं. कधी दोन्ही बाजू नुसत्या थांबून राहतात. शिवाय पहिला माणूस बाहेर पडेपर्यंत दुसऱ्याला आत घेतलंच जात नाही. वायफाय खराब आहे, जावा चुकतंय, की टीसीपी सोडून यूडीपी घ्यावं (दोन्ही नेटवर्कवरून बाइट पाठवायच्या पद्धती), असं तुम्ही विचारलंय.

वायफाय चांगलं आहे आणि जावाही बरोबर वागतंय. पहिल्या तीन तक्रारींचं मूळ एकच आहे आणि मी आधी तिकडेच जातो, कारण ते नीट उमगलं की बाकीचं फार अवघड नाही. तुमच्या कोडमध्ये मुद्द्याची जागा ही आहे: १०२४ बाइटचा बफर (तात्पुरती साठवायची जागा) घेतला, इनपुटस्ट्रीमची रीड मेथड एकदा कॉल केली, जे हाती आलं त्याची स्ट्रिंग (मजकूर) केली आणि तोच निरोप समजून पडद्यावर छापला. इथे दोन गोष्टी गृहीत धरल्यात आणि दोन्ही चुकीच्या आहेत. पहिली, समोरच्याने एकदा राइट केलं की आपल्याला एका रीडमध्ये ते सगळं मिळणार. दुसरी, बाइटचा कुठलाही तुकडा उचलला तरी त्याची धड स्ट्रिंग होणार.

सॉकेट ही कल्पना मुळात जावाची नाही. बर्कली विद्यापीठातून १९८३ साली बाहेर पडलेल्या ४.२ बीएसडी या युनिक्समध्ये ती रुजली, आणि तिथे सॉकेट म्हणजे फाइलसारखं वाचता-लिहिता येणारं एक टोक होतं. जावाने १९९६ च्या पहिल्या आवृत्तीपासून त्यावर क्लासचं आवरण चढवलं. सर्व्हरसॉकेट म्हणजे दारात उभा राहणारा ऑब्जेक्ट; त्याची अ‍ॅक्सेप्ट मेथड कोणी आलं की एक नवा सॉकेट ऑब्जेक्ट हाती देते; त्या सॉकेटकडून एक इनपुटस्ट्रीम आणि एक आउटपुटस्ट्रीम मागून घ्यायचा. एवढंच. आवरण इतकं सुटसुटीत आहे की आतली गोष्ट डोळ्यांआड होते. स्ट्रीम म्हणजे प्रवाह, आणि हा शब्द तिथे अगदी शब्दशः घ्यायचा आहे.

टीसीपी तुम्हाला एक वचन देतं: जोडणी शाबूत असेपर्यंत पाठवलेले बाइट पाठवलेल्या क्रमाने, न गळता, न दुणावता पोचतील. तुम्ही किती वेळा राइट केलं, एक राइट कुठे संपला आणि दुसरा कुठे सुरू झाला, यातलं काहीही ते पलीकडे नेत नाही. शेतातल्या पाटात वरच्या अंगाला दोन घागरी पाणी ओतलं तर खालच्या वाफ्याजवळ उभ्या असलेल्या माणसाला पाणी दिसतं, घागरी दिसत नाहीत. तुमचा निरोप ही तुमची घागर आहे. टीसीपीला ती ठाऊकच नाही.

मग एकाच लॅपटॉपवर सगळं नीट कसं चाललं? तिथे बाइट १२७.०.०.१ या पत्त्यावरून फिरतात, म्हणजे तारेवर किंवा हवेत जातच नाहीत. लिनक्सवर या अंतर्गत मार्गाची एका खेपेची मर्यादा ६५५३६ बाइट असते, त्यामुळे तुमच्या बफरमध्ये मावणारा निरोप एका घासात जातो आणि बहुधा एका रीडमध्ये मिळतो. वायफायवर आणि साध्या इथरनेटवर हीच मर्यादा साधारण १५०० बाइट असते. त्यातले आयपीचे २० आणि टीसीपीचे २० बाइट गेले की तुमच्यासाठी १४६० उरतात, बऱ्याचदा त्याहूनही थोडे कमी. म्हणजे ४००० बाइटचा निरोप १४६०, १४६० आणि १०८० अशा तीन तुकड्यांत निघतो. पहिला तुकडा पोचल्याक्षणी पलीकडची रीड मेथड परतू शकते, आणि तसं परतणं तिच्या नियमात बसतं. तिचा नियम असा आहे: निदान एक बाइट मिळेपर्यंत थांबेन, बफरच्या लांबीपेक्षा जास्त देणार नाही, किती दिले तो आकडा सांगेन, आणि समोरच्याने लिहिणं कायमचं बंद केलं असेल तर उणे एक देईन. 'पूर्ण निरोप देईन' असं ती कुठेही म्हणत नाही. बफर १०२४ चा आहे म्हणून तो १०२४ ने भरेल, असंही नाही.

दोन निरोप चिकटून येण्याचं कारण याच्याच उलट बाजूचं. छोटे छोटे राइट झाले की प्रत्येकासाठी वेगळं पाकीट काढणं महाग पडतं, म्हणून जॉन नेगल यांनी १९८४ साली मांडलेल्या युक्तीनुसार आधी पाठवलेल्याची पोच येईपर्यंत टीसीपी लहान तुकडे धरून ठेवतं आणि एकत्र धाडतं. शिवाय तुमचा रीड उशिरा झाला तर दोन्ही निरोप ऑपरेटिंग सिस्टिमच्या बफरमध्ये शेजारी शेजारी येऊन बसलेले असतात. यावर बरेच जण सेटटीसीपीनोडिले ट्रू करतात, म्हणजे ही युक्ती बंद करतात, किंवा दोन राइटच्या मध्ये शंभर मिलिसेकंद थ्रेड (प्रोग्रॅममधला स्वतंत्र चालणारा कामाचा धागा) झोपवतात. कृपा करून यातलं काही करू नका. पहिल्या उपायाने चिकटणं कमी होतं, थांबत नाही. दुसऱ्याने ते तुमच्या टेबलावर थांबतं आणि प्रात्यक्षिकाच्या दिवशी पुन्हा सुरू होतं.

मराठी अक्षरांचं तर मुद्दाम बघा, कारण इंग्रजीत चाचणी करणाऱ्यांना हा दोष वर्षानुवर्षं दिसत नाही. यूटीएफ-८ या अक्षरांचे बाइट करायच्या पद्धतीत इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो. देवनागरीतल्या प्रत्येक चिन्हाला तीन. 'नमस्कार' हा शब्द न, म, स, हलन्त, क, काना, र अशा सात चिन्हांचा, म्हणजे २१ बाइटचा. आता तुमचा १०२४ चा बफर सलग देवनागरी मजकुराने भरला तर त्यात ३४१ चिन्हं पूर्ण बसतात, १०२३ बाइट होतात, आणि शेवटचा बाइट पुढच्या चिन्हाचा पहिला तृतीयांश असतो. त्या तुकड्याची स्ट्रिंग केली की जावा त्या एकट्या बाइटच्या जागी ते काळं प्रश्नचिन्ह ठेवतं. पुढच्या तुकड्याच्या सुरुवातीला उरलेल्या दोन बाइटचंही तेच होतं. अक्षर तारेवर मोडलेलं नाही, तुमच्या कोडने ते दोन टेबलांवर वाटून टाकलंय. पूर्ण निरोपाचे सगळे बाइट गोळा झाल्याशिवाय स्ट्रिंग करायचीच नाही, हा यावरचा उपाय. आणि स्ट्रिंग करताना, तसंच स्ट्रिंगचे बाइट करताना, यूटीएफ-८ हे नाव स्वतः लिहा. २०२२ च्या जावा १८ पासून तेच आपोआप धरलं जातं, पण कॉलेजच्या लॅबमधल्या विंडोजवर जुनी आवृत्ती असेल तर अक्षरांचे बाइट करायची तिथली स्थानिक पद्धत धरली जाते आणि सगळ्या मराठीची सरसकट प्रश्नचिन्हं होतात.

हे सगळं मला पुस्तकातून नाही, एका साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर समजलं. उसाच्या गाड्या काट्यावर चढायच्या, काट्याचा दर्शक सिरियल पोर्टवरून वजनाचे सहा अंक आणि शेवटी कॅरेज रिटर्न (ओळ संपल्याची खूण) पाठवायचा, एक छोटं कन्व्हर्टर ते टीसीपीवर चढवायचं आणि आमचा जावा प्रोग्रॅम ते वाचून पावती काढायचा. दोन हंगाम बिनतक्रार गेले. तिसऱ्या हंगामात कन्व्हर्टर जळालं, त्याजागी नवं बसवलं, आणि दोन-तीन दिवसांत काट्यावरच्या माणसाचा रात्री फोन आला: दोन ट्रॉल्यांच्या ट्रॅक्टरचं वजन १८४ किलो आलंय. दर्शकावर मात्र स्पष्ट ०१८४५० दिसत होतं. ट्रॅक्टरवाला खाली उभा, मागे गाड्यांची रांग.

झालं होतं ते असं. ९६०० च्या वेगाने सिरियल तारेवरून एक बाइट यायला साधारण एक मिलिसेकंद लागतो. जुनं कन्व्हर्टर पूर्ण ओळ जमली की मगच ती टीसीपीवर सोडायचं. नवं त्याहून चपळ, चार-दोन बाइट आले की सोडून मोकळं. आमच्या प्रोग्रॅमने एक रीड केला, त्यात ०१८४ आले, इंटिजर केला, १८४. कुठे एक्सेप्शन (काहीतरी चुकल्याची जावाची सूचना) नाही, कुठे लाल अक्षरं नाहीत. चूक आमच्या कोडमध्ये पहिल्या दिवसापासून होती; दोन हंगाम ती फक्त उघडी पडली नव्हती. एवढा तर्कहीन आकडा आला म्हणून तरी कोणाच्या डोळ्यांत भरला. तो तुकडा शेवटचा एकच अंक गाळून पडला असता आणि १८४५ आले असते, तर एखाद्या हलक्या गाडीला ते शोभूनही गेलं असतं आणि कोणा शेतकऱ्याच्या उसाची पावती चुकीची निघाली असती. ती शक्यता आजही मनातून जात नाही, म्हणून या मुद्द्यावर मी इतका अडून बसतो.

दुरुस्ती दहा ओळींची होती: कॅरेज रिटर्न दिसेपर्यंत बाइट साठवत राहायचं, तो दिसला की तेवढी ओळ तपासायची, बरोबर सहा अंक नसतील तर फेकून द्यायची. त्यात एक बारकावा होता. दर्शक सतत पाठवत असतो, म्हणून आपण जोडलो त्या क्षणी तो ओळीच्या मध्यावर असू शकतो. जोडणीनंतरची पहिली ओळ म्हणूनच कधीही खरी धरायची नाही.

तर निरोपाची सीमा तुम्हालाच आखावी लागते, आणि त्याच्या दोन रूढ रीती आहेत. एक म्हणजे शेवटी खूण ठेवायची, जशी वर कॅरेज रिटर्नची होती. तुमच्या गप्पांच्या प्रोग्रॅमला ओळ संपल्याची खूण पुरेल आणि बफर्डरीडरची रीडलाइन मेथड ते काम आयतं करते. पण निरोपातच कोणी एंटर दाबला तर? मग खूण मजकुरात येऊ नये अशी व्यवस्था करावी लागते. शिवाय जोडणी ओळीच्या अर्ध्यावर तुटली तर रीडलाइन उरलेला अर्धा तुकडा पूर्ण ओळीसारखाच तुमच्या हाती देते, अपुरा असल्याचं सांगत नाही. आणि कोणी खूण न पाठवता मेगाबाइटच्या मेगाबाइट ओतत बसला तर रीडलाइन ते सगळं मेमरीत भरत राहते.

दुसरी रीत म्हणजे आधी लांबी, मग मजकूर. मी बहुधा हीच सुचवतो. डेटाआउटपुटस्ट्रीमच्या राइटइंट मेथडने चार बाइटचा आकडा लिहा, मग तेवढे बाइट. पलीकडे डेटाइनपुटस्ट्रीमच्या रीडइंटने आकडा वाचा, तेवढ्या लांबीचा अ‍ॅरे घ्या आणि रीडफुली कॉल करा. रीडफुली ही मेथड तुमच्या सगळ्या दुखण्यावरचं औषध आहे: अ‍ॅरे पूर्ण भरेपर्यंत ती आतल्या आत रीड करत राहते, आणि मध्येच जोडणी संपली तर ईओएफएक्सेप्शन टाकते, म्हणजे अर्धा निरोप पूर्ण म्हणून खपत नाही.

इथे मराठी लिहिणाऱ्यांसाठी पुन्हा एक खड्डा आहे. लांबी म्हणून स्ट्रिंगची लेंग्थ पाठवू नका. 'नमस्कार'ची लेंग्थ ७ येते, तारेवर जातात २१ बाइट. पलीकडचा सात बाइट वाचतो, म्हणजे दोन चिन्हं आणि तिसऱ्याचा एक बाइट, आणि उरलेले १४ बाइट पुढच्या निरोपाची लांबी वगैरे समजून वाचायला घेतो. तिथून पुढे सगळं बिघडत जातं. 'हॅलो'ला इंग्रजीत पाच अक्षरं, पाच बाइट, म्हणून चाचणीत काही कळत नाही. आधी स्ट्रिंगचे बाइट करा, मग त्या बाइट अ‍ॅरेची लांबी पाठवा. क्रम एवढाच.

आलेल्या लांबीवर आंधळा विश्वासही ठेवू नका. एक आकडा ओळखीचा करून ठेवा: ११९५७२५८५६. तुमच्या सर्व्हरच्या पोर्टवर (तो ज्या क्रमांकाच्या दारावर ऐकतो तिथे) कोणी ब्राउझर उघडला तर ब्राउझर पहिले चार बाइट 'गेट' या इंग्रजी शब्दाची तीन अक्षरं आणि एक मोकळी जागा असे पाठवतो. रीडइंटने ते चार बाइट आकडा म्हणून वाचले की बरोबर ११९५७२५८५६ होतात. तुमचा प्रोग्रॅम मग सव्वा अब्जाच्या आसपास बाइटचा अ‍ॅरे मागतो आणि बऱ्याचदा आउटऑफमेमरीएररने झोपतो. लॉगमध्ये हा आकडा दिसला की कोणीतरी एचटीटीपी बोलतंय हे लगेच समजतं. लांबी ऋण असेल किंवा तुम्ही ठरवलेल्या कमाल मर्यादेपेक्षा जास्त असेल, गप्पांसाठी ६४ किलोबाइट पुष्कळ झाले, तर जोडणी तिथेच बंद करा.

आता ऑब्जेक्ट-ओरिएंटेड हा शब्द प्रश्नात आहे, त्याकडे येतो. सॉकेट हा ऑब्जेक्ट आहे म्हणून प्रोग्रॅम ऑब्जेक्ट-ओरिएंटेड होत नाही. तुमच्या कोडमध्ये बाइटचा अ‍ॅरे मुख्य क्लासमध्ये दिसतो, विंडोच्या बटणाच्या कोडमध्ये दिसतो, सर्व्हरच्या लूपमध्येही दिसतो. म्हणजे निरोपाची सीमा कुठे आहे हे तीन ठिकाणी ठरवलं जातंय. एकच क्लास करा, त्याला जोडणी म्हणा. त्याला बाहेरून दिसणाऱ्या मेथड तीनच: निरोप पाठव, निरोप घे, बंद कर. बाइट, लांबी, यूटीएफ-८, कमाल मर्यादा हे सगळं या क्लासच्या भिंतींच्या आत. बाहेरच्या कोणालाही बाइट दिसता कामा नये. उद्या खुणेची रीत सोडून लांबीची घ्यायची ठरली तर एक फाइल बदलेल.

या क्लासचे स्ट्रीम कन्स्ट्रक्टरमध्ये एकदाच बांधा आणि फील्डमध्ये ठेवा. हे सांगायचं कारण, तुमच्या दुसऱ्या फाइलमध्ये प्रत्येक निरोपासाठी नवा बफर्डरीडर केलेला आहे. बफर्डरीडर एका खेपेत ८१९२ अक्षरांपर्यंत ओढून घेतो. तुम्ही त्यातली एक ओळ वाचून तो टाकून दिला की त्याच्या पोटातल्या पुढच्या ओळी त्याच्याबरोबर गेल्या. निरोप 'गायब' होतात ते असे.

आणि कन्स्ट्रक्टरला सॉकेट देऊ नका, इनपुटस्ट्रीम आणि आउटपुटस्ट्रीम द्या. वरवर क्षुल्लक वाटणारा हा बदल तुम्हाला नेटवर्कशिवाय चाचणी करू देतो. फिल्टरइनपुटस्ट्रीमपासून एक छोटा क्लास काढा, तीन पॅरामीटरची रीड मेथड ओव्हरराइड करा, आणि कोणी कितीही बाइट मागितले तरी एकावेळी जास्तीत जास्त एकच द्या. मी त्याला कंजूष स्ट्रीम म्हणतो. बाइटअ‍ॅरेइनपुटस्ट्रीममध्ये तीन निरोप भरा, एक रिकामा, एक 'नमस्कार', एक दहा हजार चिन्हांचा. तो कंजूष स्ट्रीममध्ये गुंडाळा आणि जोडणी क्लासला वाचायला द्या. तीनही निरोप जसेच्या तसे बाहेर आले तर जगातलं कुठलंही वायफाय याहून वाईट तुकडे करू शकत नाही. तुमचं आत्ताचं कोड या चाचणीत पहिल्याच बाइटला पडेल. वजनकाट्याच्या वेळी ही चाचणी आमच्याकडे असती तर तो फोन आलाच नसता.

दोन्ही बाजू थांबून राहतात, त्याची कारणं तीन-चारच असतात आणि तुमच्या कोडमध्ये त्यातली दोन आहेत. एक, पलीकडे रीडलाइन ओळीच्या शेवटाची वाट बघतेय आणि तुम्ही प्रिंटरायटरवर प्रिंटएलएनऐवजी प्रिंट वापरलंय. आपोआप फ्लश होण्याची (बफरमधलं लगेच पुढे धाडण्याची) सोय चालू असली तरी ती प्रिंटला लागू होत नाही, फक्त प्रिंटएलएन, प्रिंटएफ आणि फॉरमॅटला होते. निरोप तुमच्याच बफरमध्ये बसलाय आणि ओळ संपल्याची खूणही गेलेली नाही. प्रिंटरायटर नेटवर्कसाठी मला एरवीही आवडत नाही, कारण लिहिताना आलेलं एक्सेप्शन तो गिळून टाकतो. चेकएरर मेथडने मुद्दाम विचारावं लागतं.

दुसरं कारण फाइल पाठवायच्या भागात आहे. तिथे दोन्ही बाजूंनी आधी ऑब्जेक्टइनपुटस्ट्रीम तयार केलाय, मग ऑब्जेक्टआउटपुटस्ट्रीम. ऑब्जेक्टइनपुटस्ट्रीमचा कन्स्ट्रक्टर समोरून शीर्षकाचे बाइट येईपर्यंत परततच नाही, आणि ते बाइट पाठवतो तो समोरचा ऑब्जेक्टआउटपुटस्ट्रीम, जो अजून जन्मलेलाच नाही. दोघेही 'आधी तू' म्हणत उभे. क्रम उलटा करून फ्लश केलं की सुटतं. पण माझं ऐकाल तर हे दोन्ही क्लास नेटवर्कवर वापरूच नका. अनोळखी माणसाकडून आलेले बाइट थेट जावा ऑब्जेक्टमध्ये उलगडणं हा सुरक्षेतला जुना आणि मोठा छिद्र-मार्ग आहे. जेसॉनचा (माहिती साध्या मजकुरात मांडायच्या पद्धतीचा) मजकूर करा आणि तो जोडणी क्लासमधून निरोप म्हणून पाठवा.

थांबण्याचं आणखी एक रूप तुम्हाला अजून भेटलेलं नाही, पण भेटेल. समोरच्या लॅपटॉपचं वायफाय अचानक गेलं तर तुमच्या रीडला काहीही कळत नाही. निरोप घ्यायचा बंद होतो, एक्सेप्शन येत नाही, थ्रेड तिथेच. सेटकीपअलाइव्ह आहे, पण लिनक्सवर तो पहिली चौकशी करतो ती ७२०० सेकंदांनी, म्हणजे दोन तासांनी. म्हणून प्रत्येक क्लायंटने दर वीस-तीस सेकंदांनी 'मी आहे' असा रिकामा निरोप पाठवावा आणि सर्व्हरने सेटएसओटाइमआउटने त्याच्या दोन-तीन पट मुदत लावावी. ती आपोआप लावलेली नसते, रीड अनंत काळ थांबू शकतो. मुदत संपून सॉकेटटाइमआउटएक्सेप्शन आलं तर सॉकेट तांत्रिकदृष्ट्या जिवंतच असतो, पण रीडफुली अर्ध्यावर असताना आलं असेल तर किती बाइट वाचून झाले हे तुम्हाला सांगता येत नाही. अशा वेळी जोडणी बंद करून नवीन उघडणं हाच सरळ मार्ग. जोडताना सुद्धा यजमान आणि पोर्ट देऊन सॉकेट तयार करण्याऐवजी रिकामा सॉकेट करून कनेक्ट मेथडला मिलिसेकंदांत मुदत द्या, नाहीतर चुकीच्या पत्त्यावर तुमची विंडो बराच वेळ, लिनक्सवर दोन मिनिटांच्या आसपास, गोठून बसेल.

दुसऱ्या माणसाला आत न घेण्याचं. तुमचा सर्व्हर अ‍ॅक्सेप्ट करतो, त्याच थ्रेडवर पहिल्या क्लायंटशी बोलत बसतो, आणि तो गेला की पुन्हा अ‍ॅक्सेप्टला येतो. गंमत अशी की दुसऱ्या क्लायंटची जोडणी नाकारली जात नाही. ऑपरेटिंग सिस्टिम ती पूर्ण करते आणि रांगेत ठेवते. जावाच्या सर्व्हरसॉकेटला ही रांग काही न सांगता साधारण ५० ची मिळते. म्हणून दुसऱ्याला 'जोडलं गेलं' असं दिसतं, तो लिहूही शकतो, फक्त उत्तर येत नाही. उपाय: मुख्य थ्रेडने फक्त अ‍ॅक्सेप्ट करायचं आणि प्रत्येक सॉकेट वेगळ्या थ्रेडकडे द्यायचा. तुमच्या वर्गापुरतं एक्झिक्युटरसर्व्हिस (थ्रेड सांभाळणारी जावाची तयार सोय) भरपूर आहे. मोठ्या सर्व्हरवर ही रीत महाग पडायची, कारण ६४ बिटच्या लिनक्सवर प्रत्येक थ्रेडच्या स्टॅकसाठी साधारण एक मेगाबाइट जागा राखली जाते, आणि त्यासाठीच २००२ मध्ये जावा १.४ बरोबर सिलेक्टर आणि चॅनेलचं एनआयओ आलं. ते शिकायला चांगलं, लिहायला किचकट. सप्टेंबर २०२३ च्या जावा २१ पासून व्हर्च्युअल थ्रेड पक्के झालेत, त्यामुळे 'एका जोडणीला एक थ्रेड' हे साधं, वाचता येणारं कोड हजारो जोडण्यांनाही चालतं. सुरुवात त्यानेच करा.

थ्रेड आले की दोन पथ्यं पाळायची. एकाच जोडणीवर दोन थ्रेडनी एकाचवेळी निरोप पाठवला तर एकाची लांबी आणि दुसऱ्याचा मजकूर मिसळतो, म्हणून निरोप पाठवायची मेथड सिंक्रोनाइज्ड (एकावेळी एकाच थ्रेडला आत घेणारी) हवी. आणि सर्वांना निरोप वाटताना एखाद्याचं वायफाय रखडलं तर त्याचा राइट अडकतो आणि त्याच्यामागे सगळा वर्ग अडकतो. प्रत्येक जोडणीला स्वतःची एक ब्लॉकिंगक्यू (निरोपांची रांग) आणि ती रिकामी करणारा एक थ्रेड दिला की रखडलेला एकटाच रखडतो. सॉकेट बंद कोण करणार हेही एकाच जागी ठरवा, जो थ्रेड तो सांभाळतो त्याच्या ट्राय-विथ-रिसोर्सेसमध्ये (काम संपलं की आपोआप बंद करणाऱ्या रचनेत). स्ट्रीम बंद केला तरी सॉकेट बंद होतो, हे अनेकांना उशिरा कळतं. फक्त 'माझं पाठवून झालं' एवढंच सांगायचं असेल तर शटडाउनआउटपुट आहे.

यूडीपीचं विचारलंत. तिथे पाठवलेलं एक पाकीट एक पाकीट म्हणूनच पोचतं, सीमा शाबूत राहते, म्हणून मोह होतो. पण ते न पोचण्याची, दोनदा पोचण्याची, मागचं पुढे येण्याची मुभा असते आणि आयपीव्ही-४ वर एका पाकिटात ६५५०७ बाइटपेक्षा जास्त मावत नाहीत. गप्पांसाठी हे सगळं स्वतः निस्तरणं म्हणजे टीसीपी पुन्हा लिहिणं. आवाज, व्हिडिओ, खेळातली क्षणाक्षणाची स्थिती, जिथे उशिरा आलेलं निरुपयोगीच असतं, तिथे यूडीपी घ्या.

दुसरा लॅपटॉप जोडताना अडलात तर एक्सेप्शनचा मजकूर नीट वाचा. 'कनेक्शन रिफ्यूज्ड' म्हणजे यंत्र सापडलं, त्या पोर्टवर कोणी ऐकत नाही. क्लायंटमध्ये लोकलहोस्ट तसंच राहिलं असेल तर हेच येतं. 'टाइम्ड आउट' म्हणजे उत्तरच नाही. विंडोजचा फायरवॉल बघा, आणि कॉलेज-होस्टेलच्या वायफायवर बऱ्याचदा एका लॅपटॉपला दुसरा दिसूच देत नाहीत, तेव्हा मोबाइलच्या हॉटस्पॉटवर करून बघा. 'अ‍ॅड्रेस ऑलरेडी इन यूज' आलं तर बहुतेक वेळा तुमचा आधीचा सर्व्हर आयडीईमध्ये (कोड लिहायच्या सॉफ्टवेअरमध्ये) अजून चालूच असतो.

पण दुसरा लॅपटॉप आजच उघडू नका. आधी जोडणी क्लास लिहा, त्याला कंजूष स्ट्रीम द्या, आणि दहा हजार चिन्हांचा तो मराठी निरोप एकेक बाइटने आत जाऊन अख्खा बाहेर येतो का बघा. चाचणी पडली तर जोडणी क्लासचं कोड आणि चाचणीचं कोड दोन्ही पाठवा, मी बघतो.